टॅपिंगनं मन हलकं होतं, ते नेमकं कशामुळे?

भुवईचं आतलं टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटीची खळ, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेच्या चार बोटं खाली आणि शेवटी डोक्याची टाळू. प्रत्येक ठिकाणी दोन बोटांनी पाच-सात वेळा हलकेच टकटक करायची. हे करताना जी गोष्ट आठवली की पोटात गोळा येतो, नेमकी तीच मनात धरून ठेवायची आणि तिच्याबद्दल मोठ्यानं बोलायचं. इमोशनल फ्रीडम टेक्निक, म्हणजे ईएफटी, या नावानं चालणारी टॅपिंगची पद्धत थोडक्यात एवढीच आहे.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. पण हसून सोडून द्यावं इतकं हे प्रकरण सरळ नाही. टॅपिंग केल्यावर अनेकांची भीती, चिंता, जुन्या आघाताची बोच कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. भांडण आहे ते कारणावरून. समर्थक सांगतात की बोटांखालच्या बिंदूंमुळे शरीरातली ऊर्जा वाहती होते. टीकाकार म्हणतात, बिंदूंचा काही संबंध नाही, गुण येतो तो सोबतच्या बाकीच्या गोष्टींनी. माझा कल बराचसा दुसऱ्या बाजूला आहे, पण पूर्णपणे नाही. तो का, ते पुढे येईलच.

आधी उगम बघू. १९६४ मध्ये जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकन कायरोप्रॅक्टरनं, म्हणजे पाठीचा कणा आणि सांधे हातानं हाताळून उपचार करणाऱ्यानं, अप्लाइड किनेसिऑलॉजी नावाची पद्धत मांडली. स्नायूंची ताकद हातानं दाबून तपासायची आणि त्यावरून शरीरात कुठे बिघाड आहे ते ओळखायचं, असा तिचा दावा होता. चिनी वैद्यकातल्या मेरिडियनची, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या मार्गांची, कल्पनाही त्यात येऊन मिसळली. रॉजर कॅलाहन हे मानसशास्त्रज्ञ तिथूनच या वाटेला लागले. १९८० च्या सुमारास त्यांच्याकडे पाण्याची जबर भीती असलेली एक रुग्ण उपचार घेत होती. पाण्याचा विचार आला की पोटात कसंतरी होतं, असं ती म्हणाली. चिनी पद्धतीत पोटाचा म्हणून जो मेरिडियन मानतात तो डोळ्याखालून सुरू होतो, म्हणून कॅलाहननी तिला तिथे टकटक करायला सांगितलं. भीती गेली, असं ते सांगत. यातून थॉट फील्ड थेरपी, म्हणजे टीएफटी, उभी राहिली. तिच्यात प्रत्येक तक्रारीसाठी बिंदूंचा वेगळा क्रम होता.

कॅलाहनकडे शिकलेल्या गॅरी क्रेग यांनी पुढे ते सगळं सोपं केलं. क्रेग स्टॅनफर्डमधून इंजिनिअर झालेले. प्रत्येक तक्रारीला वेगळा क्रम शोधत बसण्यापेक्षा सगळ्या बिंदूंवरून एकदाच फिरून यावं, हवा तो बिंदू त्यात येऊनच जाईल, असा त्यांचा इंजिनिअरी हिशेब. १९९० च्या दशकात त्यांनी ईएफटी म्हणून ही पद्धत पसरवली आणि ती मूळ पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त चालली. माझ्या मते या सगळ्या वादातला पहिला धडा इथेच मिळतो, फारसा कुणी तो उच्चारत नसलं तरी. क्रम काढून टाकल्यावरही लोकांना बरं वाटतच राहिलं, म्हणजे क्रमात काही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ॲक्युपंक्चरचे ३६१ मुख्य बिंदू आहेत आणि परंपरेनं प्रत्येकाचं काम वेगळं सांगितलं आहे. टॅपिंगमध्ये मात्र विमानप्रवासाच्या भीतीला, जुन्या रागाला आणि परीक्षेच्या धास्तीला तेच मोजके बिंदू चालतात.

आता एक फेरी प्रत्यक्षात कशी होते ते बघू, कारण खरं उत्तर तिच्या बारकाव्यांत दडलेलं आहे. आधी त्रासाला शून्य ते दहापैकी एक आकडा द्यायचा. हे माप टॅपिंगवाल्यांचं स्वतःचं नाही. वर्तनोपचाराचे एक प्रवर्तक जोसेफ वोल्पे यांनी भीती मोजायला शून्य ते शंभर अशी मोजपट्टी वापरली होती, तिचंच हे धाकटं रूप. मग करंगळीच्या बाजूनं तळहाताच्या कडेवर टकटक करत एक वाक्य तीनदा म्हणायचं: ‘मला अमुक गोष्टीची भीती वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून, पूर्णपणे स्वीकारतो.’ त्यानंतर वर सांगितलेल्या बिंदूंवरून फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी त्या त्रासाचं नाव घ्यायचं: ‘ही छातीतली धडधड’, ‘तो दाराचा आवाज’. फेरी संपली की श्वास सोडून पुन्हा आकडा बघायचा. सातचा पाच झाला असेल तर पुढची फेरी.

आता यातून टकटक वजा करून बघा. उरतं काय? भीतीदायक गोष्टीकडे मुद्दाम आणि वारंवार पाहणं. तिचं नेमक्या शब्दांत वर्णन करणं. स्वतःला दोष न देणं. थांबून स्वतःची अवस्था मोजणं. यातली एकेक गोष्ट मानसोपचारात अनेक दशकं वापरात आहे आणि उपयोगी म्हणून मान्यता पावलेली आहे.

भीती टिकते कशी, हे एकदा समजलं की पुढचं सोपं जातं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर अमिग्डला नावाचा छोटा भाग असतो. धोक्याची खूण ओळखायची आणि शरीराला सावध करायचं, हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. एकदा एखाद्या गोष्टीची धोक्याशी सांगड बसली की ती गोष्ट दिसताच, कधी नुसती आठवताच, हृदय धडधडतं आणि हातपाय गार पडतात. माणूस साहजिकच ती गोष्ट टाळतो. टाळल्यावर लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेच सुटणं भीतीला खतपाणी घालतं. ‘सामोरा गेलो आणि काही झालं नाही’ हे शिकायची संधीच मेंदूला मिळत नाही. ही संधी मुद्दाम देणं म्हणजे एक्स्पोजर उपचार. त्यात जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘आता धोका नाही’ अशी नवी आठवण तयार होते आणि कपाळामागचा मेंदूचा भाग तिच्या जोरावर अमिग्डलाला आवरतो.

टॅपिंग करणारी व्यक्ती, तिला कल्पना असो वा नसो, हा उपचार छोट्या छोट्या मात्रेत घेतच असते. पण एक्स्पोजरची मोठी अडचण अशी की ते नकोसं वाटतं. भीतीकडे नुसतं बघत बस म्हटलं तर कितीतरी जण पहिल्या दोन भेटींतच पळ काढतील. टॅपिंग त्यांना हाताला काम देतं, बोलायला वाक्य देतं, पुढच्या क्षणी काय करायचं ते ठरवून देतं. तेवढ्यामुळे माणूस भीतीसमोर टिकून राहत असेल, तर बिंदू खोटे असूनही टकटकीचा उपयोग खरा ठरतो.

दुसरा धागा आहे कामचलाऊ स्मृतीचा. एका वेळी मनात धरता येईल अशी माहिती फार थोडी असते. त्रासदायक दृश्य डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याच वेळी दुसरं एखादं लक्ष वेधणारं काम करायचं ठरवलं, तर दृश्याला पुरेशी जागा मिळत नाही. ते फिकं पडतं आणि त्यातली धग उतरते. डोळ्यांची हालचाल वापरून आघाताच्या आठवणींवर उपचार करणारी ईएमडीआर ही पद्धत फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केली. तिच्याबाबत हे स्पष्टीकरण प्रयोगशाळेत बरंच तपासलं गेलं आहे. डोळे डावी-उजवीकडे फिरवण्याऐवजी मनात आकडेमोड केली तरी असाच परिणाम दिसतो. बिंदूंचा क्रम लक्षात ठेवत टकटक करणं आणि वर बोलणं, यातही लक्षाची ओढाताण होतेच. मात्र हाच खुलासा पुरेसा असता, तर क्रम अंगवळणी पडलेल्या जुन्या टॅपिंगवाल्यांना गुण कमी यायला हवा होता, कारण सवयीच्या कामाला लक्ष लागत नाही. हा अंदाज तपासायला फार अवघड नाही.

भावनेला नाव देण्याचाही आपला असा परिणाम असतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचं चित्रण करून दाखवलं की रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांकडे बघताना त्या भावनेसाठी शब्द निवडला, तर अमिग्डलाची हालचाल मंदावते आणि कपाळामागच्या उजव्या बाजूच्या एका भागाची वाढते. ‘ही छातीतली धडधड’ असं दर बिंदूवर म्हणणारा माणूस काय करतोय? नावच देतोय. शिवाय मोठ्यानं बोलताना उच्छ्वास लांबतो, आणि उच्छ्वासात हृदयाची गती थोडी उतरते, हे शरीरशास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे.

स्पर्शाचं काय? आपल्या त्वचेत मंद, हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर वेगानं फिरणारा कोमट हात त्यांना सर्वांत जास्त भावतो. टकटक या वर्णनात बसत नाही, म्हणून ‘टॅपिंगनं तेच तंतू जागे होतात’ असं ठोकून देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. पण स्वतःच्या स्पर्शाची ताकद कमी लेखायचंही कारण नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना मुद्दाम ताणाखाली ठेवलं होतं. ज्यांनी त्याआधी काही क्षण स्वतःचाच हात छातीवर आणि पोटावर ठेवला होता, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाकीच्यांपेक्षा कमी आढळलं. तिथे कोणताही मेरिडियन नव्हता.

आता समर्थकांच्या सर्वांत वजनदार मांडणीकडे येतो. डेव्हिड फाइनस्टाइन हे मानसशास्त्रज्ञ ती मांडतात, आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला असा: बिंदूंवरचा दाब अमिग्डलाला शांत होण्याचे संदेश पाठवतो. याला आधार म्हणून कॅथलीन हुई यांच्या गटाचं २००० मधलं संशोधन पुढे केलं जातं. १३ निरोगी माणसांच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बिंदूवर सुई टोचून फिरवली तेव्हा अमिग्डला आणि आठवणींशी संबंधित हिपोकॅम्पस या भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. निष्कर्ष रंजक आहे यात शंका नाही. पण ती सुई होती, आत शिरवून फिरवलेली. माणसं निवांत पडलेली होती, त्यांच्यासमोर भीतीचं काही कारण नव्हतं. आणि तो बिंदू टॅपिंगच्या चेहऱ्यावरच्या बिंदूंपैकी नव्हताच. सुईपासून बोटापर्यंतची ही उडी जरा लांबच पडते.

दुसरा भाग मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो. २००० मध्येच करीम नादर, ग्लेन शॅफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. आवाज ऐकला की विजेचा झटका बसणार, हे उंदरांना आधी शिकवलेलं होतं. संशोधकांनी तो आवाज पुन्हा ऐकवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच अमिग्डलामध्ये प्रथिनं बनण्याला अटकाव करणारं औषध सोडलं. पुढे उंदीर त्या आवाजाला फारसे भ्यायलेच नाहीत. आठवण जागी न करता औषध दिलं तर असं काही होत नव्हतं. याचा अर्थ, पक्की झालेली आठवण बाहेर काढली की काही काळ ती पुन्हा ओली होते आणि नव्यानं साठवावी लागते. त्या काळात तिच्यात फेरफार होऊ शकतो. फाइनस्टाइन म्हणतात, टॅपिंगमध्ये नेमकं हेच घडतं: भयाची आठवण जागी असते, शरीर मात्र शांत असतं, हा विरोधाभास आठवणीला नव्यानं लिहायला लावतो. कल्पना सुरेख आहे. माणसांवर औषधाविना असं करून दाखवणारा डॅनिएला शिलर यांच्या गटाचा २०१० चा प्रयोगही गाजला. पण तो पुन्हा करू पाहणाऱ्यांना प्रत्येक वेळी तसंच मिळालं नाही. आणि हे सगळं टॅपिंगलाच लागू पडत असेल असंही नाही. आठवण जागी करून शरीर शांत ठेवणारा कोणताही मार्ग इथे चालावा.

इथेच घोडं पेंड खातं. गेराल्ड रोझेन आणि गेराल्ड डेव्हिसन यांनी २००३ मध्ये हा पेच एका उदाहरणात पकडला. समजा, एखाद्या उपचारकानं रुग्णांना जांभळी टोपी घालायला लावून एक्स्पोजर उपचार दिला. रुग्ण बरे झाले. मग त्यानं ‘जांभळी टोपी थेरपी’ जाहीर केली आणि टोपीतले चुंबक मेंदूवर कसे काम करतात यावर शिबिरं सुरू केली. उपचार न घेणाऱ्यांशी तुलना केली तर ही थेरपी दर वेळी जिंकेल. टोपीचं खरं योगदान कळायचं तर टोपीसकट आणि टोपीशिवाय, अशी तुलना करावी लागेल.

टॅपिंगबाबत अशी तुलना झाली आहे, पण फार थोडी. वेट आणि होल्डर यांनी २००३ मध्ये ११९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. एकानं नेहमीच्या बिंदूंवर टकटक केली, दुसऱ्यानं हातावरच्या भलत्याच ठिकाणी, तिसऱ्यानं चक्क बाहुलीवर, आणि चौथ्यानं कागदाचं खेळणं बनवलं. पहिल्या तिन्ही गटांत भीती जवळपास सारखीच उतरली, चौथ्यात नाही. समर्थकांचं यावरचं उत्तर ऐकण्यासारखं आहे: बाहुलीवर टकटक करताना बोटांची टोकं दाबली जातात, आणि बोटांच्या टोकांवरही बिंदू असतात! उत्तर चतुर आहे, पण अशानं सिद्धांत कधी खोटाच ठरू शकत नाही, आणि जो खोटा ठरू शकत नाही तो तपासायचा तरी कसा? पुढे २०१८ मध्ये डॉसन चर्च आणि सहकाऱ्यांनी अशा सहा अभ्यासांचं एकत्र विश्लेषण करून बिंदूंना स्वतःचा परिणाम आहे असा निष्कर्ष काढला. २०२० मध्ये स्पीलमन्स आणि इतरांनी त्याच नियतकालिकात अभ्यासांची निवड आणि आकडेमोड या दोन्हींवर कडक आक्षेप घेतले. तेव्हा हा प्रश्न मिटलेला नाही.

बाकीच्या आकड्यांकडेही याच चष्म्यातून बघावं. चिंतेवरच्या १४ अभ्यासांत मिळून ६५८ माणसं होती, आणि २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात, परिणाम किती मोठा ते मोजणाऱ्या पट्टीवर, टॅपिंगचा आकडा १.२३ आला. या मोजपट्टीवर ०.८ च्या वरचा परिणाम मोठा मानतात. तुलनेच्या गटांत तो ०.४१ होता. दिसायला घवघवीत यश. मात्र मान्य उपचारांशी थेट तुलना करण्याइतकी माहिती तिथे उपलब्ध नव्हती. चर्च यांच्या २०१२ च्या अभ्यासात ८३ जण होते. तासाभराच्या टॅपिंगनंतर कॉर्टिसॉल सुमारे २४ टक्के उतरलं, तर नुसत्या आधाराच्या गप्पा मारलेल्यांत आणि काहीच न केलेल्यांत सुमारे १४ टक्के. काहीच न करता १४ टक्के कसं उतरलं? कॉर्टिसॉल दिवस चढेल तसं आपोआपही घटत जातं, म्हणूनच तुलनेचा गट नसेल तर असे आकडे फसवतात. २०२० मध्ये ५३ जणांवर हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा टॅपिंगच्या गटातली घट ४३ टक्के निघाली. एकाच प्रयोगाच्या दोन फेऱ्यांत एवढी तफावत पडली, तर मी खूश होण्याऐवजी जरा सावध होतो.

मला सर्वांत जास्त पटणारा अभ्यास त्यामानानं कमी चर्चेत असतो. स्कॉटलंडमध्ये कॅरात्झियास आणि सहकाऱ्यांनी आघातानंतरच्या ताणविकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, ४६ रुग्णांमध्ये ईएफटी आणि ईएमडीआर समोरासमोर ठेवले. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन्हींचा गुण जवळपास सारखा होता. ईएमडीआरला पीटीएसडीसाठी जागतिक मान्यता आहे, त्यामुळे ही तुलना उपचारासाठी नुसती वाट बघत असलेल्यांशी केलेल्या तुलनेपेक्षा मोलाची. अडचण इतकीच की गट लहान होते आणि बरेच रुग्ण मध्येच गळाले.

आणखी एक अडचण कधीच सुटणार नाही. औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी मिळाली आणि कुणाला साखरेची, हे रुग्णापासून लपवता येतं. स्वतःच्या चेहऱ्यावर आपण टकटक करतोय हे कुणापासून लपवणार? मग अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणं कठीण होतं. त्यात बरेच अभ्यास करणारे स्वतः हीच पद्धत शिकवतात. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायची गरज नाही, पण ज्याचं प्रेम आहे त्याच्या हातून त्या उपचाराला झुकतं माप मिळतं, हे इतर मानसोपचारांच्या अभ्यासांतही दिसून आलं आहे.

अधिकृत संस्थांची भूमिकाही हळूहळू सरकत गेली आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं १९९९ मध्ये टीएफटीच्या प्रशिक्षणाला मानसशास्त्रज्ञांच्या सततच्या शिक्षणात धरायला नकार दिला होता. २०१२ मध्ये तो पवित्रा सैलावला. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेनं २०१८ च्या पीटीएसडीविषयक मार्गदर्शिकेत ईएफटीवर आणखी संशोधन व्हावं असं सुचवलं. संशोधनाची शिफारस म्हणजे उपचाराची शिफारस नव्हे. जाहिरातींत हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो.

मग करून बघावं का? भाषणाआधीची धास्ती, प्रवासाची हुरहुर, झोपेआधीची घालमेल, अशा रोजच्या त्रासासाठी करून बघायला माझी हरकत नाही. पैसे लागत नाहीत, दुष्परिणाम क्वचित, आणि मेरिडियनवर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही. बिंदू बोटभर इकडेतिकडे झाला म्हणून काही बिघडेल असं मानायला आधार नाही. त्यापेक्षा त्रासाचं वर्णन नेमकं करण्यावर भर द्यावा. ‘मला टेन्शन आहे’ यापेक्षा ‘उद्या सगळे माझ्याकडे बघतील तेव्हा आवाज कापेल याची भीती’ हे वाक्य जास्त कामाचं, कारण आठवण किंवा कल्पना खरोखर जागी झाली तरच वर सांगितलेलं बाकीचं काही घडण्याची शक्यता आहे. महागडी शिबिरं, ‘एका बैठकीत कायमचं बरं’, कॅन्सरपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर टॅपिंग, असं ऐकू आलं की तिथून निघावं.

चालू औषधं टॅपिंगच्या भरवशावर बंद करू नयेत. गंभीर नैराश्य असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर आधी डॉक्टर गाठावा. आणि अत्याचार, अपघात, युद्ध अशा मोठ्या आघाताच्या आठवणी एकट्यानं उकरू नयेत. आठवण जागी करणं हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि जागी झालेली आठवण कधीकधी आवरत नाही. टकटक करताना आकडा उतरण्याऐवजी चढतच गेला, अंग बधिर पडलं, किंवा आपण पुन्हा त्याच जागी, त्याच क्षणी आहोत असं वाटू लागलं, तर फेरी तिथेच सोडावी. डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, खोलीत दिसणाऱ्या वस्तूंची एकेक करून नावं घ्यावीत, आणि तो विषय पुन्हा काढायचा तो प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञासमोरच.